तारांकित रकाना

पुस्तकात सॅम होता. सॅमकडे पाच सफरचंदं होती.
ती त्यानं चढत्या क्रमानं लावली, आणि धडा संपला.
अकरापैकी सात कॉम्प्युटर चालू,
एकेका पडद्यापुढे पाच-पाच पोरं :
मधला मुलगा बटणं दाबणार,
कडेच्या मुली मान लांब करून बघणार.
ही वाटणी कुणी केली नव्हती. मीही नाही.
मोडलीही नव्हती मी, नऊ वर्षं.

"हा सॅम इतका वेळ काय करून राहिला, मॅडम?"
कविश्री मडावी. पहिल्यांदाच बोलली.
"माही माय कळमन्यात संत्रे छाटते.
ते असे दोन-दोन उचलून नाही पाहत.
हातात आला का समजते."

अंबिया बहाराचे दिवस. मी म्हटलं, आण आईला.
शनिवारी आली. खुर्ची दिली तर फरशीवर बसली,
चाळीस संत्री पुढे ओतली
आणि वर्गात कुणी खोकलंही नाही.
मोठं इकडे, मध्यम तिकडे, बारीक मागे,
एक तेवढं वेगळं, पदरापाशी.

नूरसबा मोजत होती बोटांवर.
सॅमच्या रीतीनं चाळीस फळांना
सातशे ऐंशी तुलना.
या बाईनं एकही संत्रं दोनदा उचललं नव्हतं.
या पद्धतीचं इंग्रजी नाव मी फळ्यावर लिहिलं.
"आमच्यात छाटणी म्हणतात," ती म्हणाली.
ते त्याच्या वर लिहिलं, जागा करून.

(अर्ध्या दिवसाची मजुरी तिनं बुडवली होती.
हे मला सोमवारी कळलं, तेही दुसऱ्याच पोरीकडून.
शाळेच्या कुठल्याच खर्चात ते बसत नव्हतं.
मी कविश्रीच्या हातात पाकीट ठेवलं,
तिनं ते ज्या नजरेनं घेतलं
ती मला अजून नीट वाचता येत नाही.)

जाताना पदरापाशीचं ते संत्रं तिनं टेबलावर ठेवलं.
"हा दबेल आहे. वरून नाही दिसत.
तुमच्या मशीनले समजते का?"

मुख्याध्यापकांनी सालींबद्दल विचारलं.
एवढंच विचारलं.

डिसेंबरात काम दिलं : प्रवेशअर्जाचा प्रोग्राम.
नाव, आडनाव, पत्ता. भरल्याशिवाय पुढे जाऊ नये.
प्रज्ञाशीलचा अर्ज आडनाव रिकामं ठेवून
खुशाल पुढे जात होता.
मी लाल पेनानं गोल केला : तपासणी राहिली. तीन गुण वजा.

"राहिली नाही, मॅडम. काढली.
आडनाव सांगतलं का समोरचा कसा पाहते,
तुमाले नाही माहीत.
माहा अर्ज तसा पाहणार नाही."

माझं आडनाव धंतोलीत दारावर आहे, पितळेत.
भाड्याचं घर बघताना, बँकेत, या नोकरीच्या मुलाखतीत
मी ते सांगितलं, आणि पुढचे किती रकाने
आपोआप भरले गेले,
कधी मोजलं नव्हतं.

त्या दुपारी वीज गेली.
सात पडदे एकदम काळे.
पोरं बाहेर पळाली, तो बसून राहिला.
मी तीन गुण परत दिले. तो हसला नाही.
"पत्त्याचंही तसंच आहे," म्हणाला.
"इंदोरा लिहिलं का झालं."
पत्त्याचं काय करायचं, आम्हाला सुचलं नाही.
शाळेचं पत्र घरी जाणार कुठे?

आता दर तासाला जागा बदलतात.
कविश्री मधे बसते, दोन बोटांनी, सावकाश.
कडेची मुलं कुरकुरतात. कुरकुरू देत.
धडा मागे पडलाय दोन आठवडे,
परीक्षेत सॅमच येणार आहे,
हे त्यांनाही ठाऊक आहे.

काल वह्या तपासताना
प्रज्ञाशीलच्या प्रोग्राममध्ये सर्वांत वर
एक ओळ सापडली, चिन्ह लावून बाजूला ठेवलेली.
अशी ओळ कॉम्प्युटर वाचत नाही.
मागून येणाऱ्या माणसासाठी असते ती.

# दबेल कसं ओळखायचं, ते अजून बाकी आहे